आमची लाईन वेगळी झाली

कंपनीचे दोन भाग होणार ही बातमी मला नवऱ्याकडून कळली, तीही सकाळी डबे भरताना. आम्ही दोघं एकाच वीज कंपनीत नोकरीला. तो वितरणात होता. लोकांच्या घरापर्यंत वीज पोचवणं, मीटर, तक्रारी, जळालेले फ्यूज हे त्याचं काम. मी पारेषणात, म्हणजे उच्च दाबाची वीज लांबून शहरात आणणाऱ्या लाईन आणि ती उतरवून घेणारी मोठी सबस्टेशनं सांभाळायला. हा ‘पारेषण’ शब्द फक्त ऑफिसच्या कागदांवर असायचा. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कुणी विचारलं की मी म्हणायचे, "खाडीकडे ते उंच टॉवर दिसतात ना, ते आमचे."

"तुमची लाईन वेगळी होतेय," पोळीची गुंडाळी डब्यात ठेवत तो म्हणाला. "स्वतंत्र कंपनी. वेगळे डायरेक्टर, वेगळं ऑफिस."

"आणि तुम्ही?"

"आम्ही आहोत तिथेच."

मला रागच आला. सोळा वर्षं एका छपराखाली काम केलेलं. कॅन्टीन एक, स्टोअर एक, गणपतीची पूजा एक. माझ्या सबस्टेशनचा पंप बिघडला तर त्याच्या गोदामातून दुसरा यायचा, त्याच्या माणसांना शिडी कमी पडली तर माझी जायची. आता शिडीसाठी पत्र लिहायचं का? त्या दिवशी आमच्या विभागात सगळे हेच बोलत होते. वाट लागली, असं एकमताने ठरलं.

गप्प होते ते फक्त आमचे साहेब.

साहेब मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली तेव्हा साहेब डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. पहिली नोकरी टॉवरवर चढायची, आणि तिथून चढत चढत ते विभागप्रमुख झाले. माणूस बुटका, आवाज मोठा. रागावले किंवा खूश झाले की मालवणी बोलायचे, एरवी मुंबईची सरळसोट मराठी.

त्यांचा एक जुना हट्ट आम्हाला सगळ्यांना पाठ होता. घाटकोपरच्या आमच्या सबस्टेशनला वीज यायची ती खाडीच्या कडेने जाणाऱ्या टॉवरवरून. लाईन दोन, पण टॉवर तेच. म्हणजे डाव्या अंगाला एक, उजव्या अंगाला दुसरी. कागदावर दोन वाटा दिसायच्या, खरं तर वाट एकच. "टॉवरखाली काय झालं तर दोन्ही जातील," साहेब म्हणायचे. मुलुंडच्या सबस्टेशनातून आग्रा रोडच्या कडेने जमिनीखालून केबल टाकायची आणि घाटकोपरला खरीखुरी दुसरी वाट द्यायची, हा त्यांचा प्रस्ताव. दर वर्षी ते तो मांडायचे आणि दर वर्षी तो पुढच्या वर्षावर जायचा. मी दोनदा त्यांच्यासोबत त्या बैठकीला गेले होते. टेबलाच्या पलीकडे वितरणाची माणसं असायची. त्यांच्याकडे रोजच्या तक्रारींचे गठ्ठे. अमुक ठिकाणी लोक मोर्चा घेऊन आले, तमुक नगरसेवकाचा फोन आला. आमच्याकडे काय होतं? न घडलेला अपघात.

"तुमची लाईन पडलीय का?" वरिष्ठांनी एकदा विचारलं.

"नाही."

"मग पुढच्या वर्षी बघू."

बाहेर आल्यावर साहेब जिन्यात थांबले. "बघितलंस गो? पडली नाय म्हणान देवचे नाय. आणि उद्या पडली काय म्हणतले, आधी कित्या नाय सांगलास?"

तरीसुद्धा वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा मी विरोधाच्या निवेदनावर सही केली. साहेबांना ते माहीत होतं.

वेगळं झाल्यानंतरचे पहिले चार-सहा महिने माझंच म्हणणं खरं ठरतंय असं वाटत होतं. पावसाळ्यात घाटकोपरच्या सबस्टेशनातल्या जुन्या केबलच्या चरात पाणी भरलं आणि आमचा पंप बंद. मी नवऱ्याला फोन केला. "तुझ्याकडचा एक पाठव ना."

"पाठवतो, पण पत्र लागेल."

"अरे, मी तुझी बायको आहे!"

"बायको आहेस, पण कंपनी दुसरी आहे," तो हसत म्हणाला. मला मुळीच हसू आलं नाही. पत्र टाईप झालं, सही झाली, पंप दुसऱ्या दिवशी आला. तोपर्यंत आमच्या माणसांनी बादल्यांनी पाणी उपसलं. असल्या गोष्टी बऱ्याच झाल्या. त्या विसरून सगळं छान छान होतं म्हणणं खोटं ठरेल.

पण त्याच पावसाळ्यात साहेबांनी आम्हा सगळ्यांना एका खोलीत बसवलं. नव्या कंपनीचं ऑफिस अजून लागायचं होतं, खुर्च्या कमी होत्या, निम्मे लोक खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते. साहेबांनी विचारलं, "आपण विकतो काय?"

"वीज," कुणीतरी म्हणालं.

"चूक. वीज आपली नाहीच. ती बनवणारे दुसरे, विकणारे तिसरे. आपण फक्त वाट देतो. ज्याची वीज येईल त्याला ती वाट उघडी मिळाली पाहिजे. महिन्यातले किती तास आपल्या लाईन तयार होत्या, त्यावर आपली कमाई. आता मला सांगा, आजवर आपण कशाकशात वेळ घालवत होतो?"

खोलीत चुळबुळ झाली. कारण खरं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. गणपतीत मांडवांच्या जोडण्यांना आमची माणसं जायची. उन्हाळ्यात तक्रारी वाढल्या की आमच्या गाड्या वितरणाकडे जायच्या. टॉवरवर तारा पेलणारे चिनी मातीचे इन्सुलेटर धुवायचे, खाडीच्या खाऱ्या हवेने गंजलेले बोल्ट बदलायचे, हे काम ‘जरा सवड मिळाली की’ या सदरात पडलेलं असायचं. आता गाड्या आमच्या आणि माणसंही आमची. दुसरं काही काम आम्हाला कुणी सांगूच शकत नव्हतं. त्या हिवाळ्यात खाडीच्या लाईनवरचा एकूण एक टॉवर आमच्या माणसांनी चढून तपासला. माझ्या नोकरीत हे पहिल्यांदा झालं. काढलेल्या गंजक्या बोल्टांचं पोतं साहेबांनी ऑफिसच्या दारातच ठेवायला लावलं. येणारा-जाणारा त्याला ठेचकाळायचा आणि विचारायचा, हे काय आहे?

मग घाटकोपरच्या केबलचा प्रस्ताव पुन्हा निघाला. या वेळी तो बंद खोलीत मांडायचा नव्हता. वीजदर ठरवणाऱ्या आयोगापुढे जाहीर सुनावणी होती. कुणीही यावं, काहीही विचारावं. साहेब म्हणाले, "तू मांड."

"मी? मी तर या वेगळं होण्याच्या विरोधात होते."

"म्हणानच तू. तुका पटलां तर लोकांका पटात."

सुनावणीच्या दिवशी मी वेळेआधीच पोचले. नकाशा लावला, टॉवर दाखवले, केबलचा मार्ग दाखवला. बोलून झाल्यावर मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. घाटकोपरच्या, निवृत्त शिक्षिका, हातात माझ्याच अहवालाची प्रत, समासात पेन्सिलीच्या खुणा.

"बाई," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे वीज फारशी जात नाही. मग हा खर्च आमच्या बिलात कशाला?"

मी सांगितलं, "आजी, नशीब चांगलं आहे म्हणून जात नाही. दोन्ही लाईन एकाच टॉवरवर आहेत."

"हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"बरीच वर्षं."

"मग इतकी वर्षं काय करत होतात?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी साहेबांकडे पाहिलं, ते छताकडे बघत होते. मी म्हणाले, "मागत होतो. पण आमच्या घरातल्या घरात मागत होतो, आणि घरात आमच्यापेक्षा मोठ्याने मागणारे खूप होते. तुमच्यासमोर हे मांडायची संधी आज पहिल्यांदा मिळतेय."

आजींनी समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "करा. पण किती दिवसांत करणार ते लिहून द्या. आणि उशीर झाला तर तो आमच्या माथी मारायचा नाही."

आयोगाने नेमकं तेच लिहून घेतलं. मंजुरी मिळाली, सोबत मुदत मिळाली, आणि मुदत चुकली तर भुर्दंड कंपनीचा. परत येताना टॅक्सीत साहेब खूश होते. मी म्हणाले, "आपल्यावर टांगती तलवार ठेवलीय त्यांनी." ते म्हणाले, "असूंदे. इतकी वर्षां कोणी तारीख तरी इचारल्यान काय?"

त्या कामाची दोन वर्षं मी विसरणार नाही. पावसाळ्यात रस्ता खणायची परवानगी नाही, त्यामुळे सगळं बसवायचं ते ऑक्टोबर ते मेमध्ये. भांडुपला एका दुकानदाराने खड्ड्यासमोर खुर्ची टाकून ठिय्या दिला, कारण गिऱ्हाईक आत येईना. आमच्या माणसांनी खड्ड्यावर फळ्यांचा पूल केला, तेव्हा कुठे तो उठला. विक्रोळीला खणताना अशी एक जुनी पाण्याची लाईन लागली की ती कुठल्याच नकाशात नव्हती. मार्ग दीड मीटर सरकवावा लागला आणि तीन आठवडे गेले. साहेब रोज येत. टोपी घालून खड्ड्याच्या काठावर उभे राहत आणि मुकादमापासून सगळ्यांना नावाने हाक मारत.

सगळ्यात नाजूक काम केबलच्या सांध्यांचं. केबलचे तुकडे काहीशे मीटरचे, ते रस्त्यातच जोडायचे. धुळीचा एक कण आत राहिला तर सांधा पुढे कधीतरी फुटणार. म्हणून खड्ड्यावर तंबू, तंबूत एसी, जोडणाऱ्याच्या अंगावर पांढरा कोट, पायात पिशव्या. बाहेर आग्रा रोडवर ट्रक धडधडतायत, रिक्षावाले हॉर्न मारतायत, आणि आत तो माणूस तांब्याच्या तारेवरचं प्लास्टिक काचेच्या तुकड्याने इतकं हळू तासतोय की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. एका सांध्याला तीन-चार दिवस. जुन्या कंपनीत एवढा वेळ कुणी दिला असता का, हा प्रश्न मला तिथे पडला. कुणीतरी फोन करून "अजून किती?" विचारलंच असतं. इथे साहेब तंबूच्या दाराशी उभे राहून इतरांनाच दटावायचे, "त्याला बोलवू नका. त्याचं झालं की तो स्वतः बाहेर येईल."

केबल घाटकोपरला पोचली आणि खरी परीक्षा आली. ती स्टेशनला जोडायची तर जुन्या दोन लाईनपैकी एक रविवारभर बंद ठेवावी लागणार होती. वीज जाणार नव्हती, पण त्या दिवशी सगळा भार एकाच लाईनवर. तिला काही झालं तर अंधार. आणि त्या भागातला वितरणाचा प्रमुख होता माझा नवरा.

वितरणाची मंजुरी घेऊन तारीख ठरली. चार दिवस आधी त्याचा फोन आला. घरी नाही, ऑफिसच्या फोनवर. "रविवार पुढे ढकला. माझ्या भागातल्या एका हॉस्पिटलचा जनरेटर दुरुस्तीला गेलाय. डायलिसिसचे पेशंट आहेत."

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "हॉस्पिटलचं पत्र घे. पत्र असेल तर एक आठवडा पुढे." पत्र आलं, आम्ही रविवार बदलला.

आठवड्याने पुन्हा फोन. या वेळी आवाज पडलेला. "अगं, याही रविवारी नको. आमच्या वरच्यांचा निरोप आहे. इथे एका सभागृहाचं उद्घाटन आहे, मोठे पाहुणे येणार आहेत. चुकून वीज गेली तर माझी खैर नाही."

"पत्र आहे?"

"असल्या गोष्टीचं पत्र कोण देतं?"

पूर्वी असाच एक फोन पुरायचा. माझ्या डोळ्यांदेखत तीन वेळा दुरुस्तीसाठी ठरलेले शटडाऊन असे रद्द झाले होते, माणसं टॉवरखाली उभी असताना. मी साहेबांकडे गेले. त्यांनी विचारलं, "तुझं काय मत?"

"ढकलू नये. पाऊस जवळ आलाय. आणि ढकलायला खरं कारण नाहीये."

"मग तूच कळव. लेखी."

मी लिहिलं. संध्याकाळी तो घरी आला. जेवताना फक्त मीठ मागितलं. मुलीने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि ताट घेऊन आत गेली. मी शेवटी म्हणाले, "अरे, तू माझ्या जागी असतास तर?"

"मी तुझ्या जागी नाहीये ना!" तो म्हणाला. "उद्या मला बोलावून झापतील. तुला कोण झापणार? तुझा साहेब तुझ्या बाजूचा."

खरं होतं ते. माझ्याकडे नाही म्हणायची सोय होती, त्याच्याकडे नव्हती. मला त्या क्षणी त्याची दया आली, आणि आपल्याला काय मिळालंय तेही समजलं.

रविवारी पहाटेपासून मी स्टेशनात. काम सायंकाळी चारला संपलं. दिवसभरात दोनदा फोन वाजला, दोन्ही वेळा चुकीचा नंबर. उद्घाटन झकास पार पडलं. नवरा सोमवारी रात्रीच्या जेवणाला श्रीखंड घेऊन आला. माफी त्याने मागितली नाही, मीही मागितली नाही.

पुढच्या वर्षी त्याच स्टेशनातून आणखी एका वितरण कंपनीने वीज घ्यायला सुरुवात केली. म्हणजे त्याच्याच भागात त्याचा स्पर्धक. "आता आमची वाट त्यांनाही देणार?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "तुमची नाही. वाट आमची, आणि ती दोघांना सारखी." त्यावर त्याने नाक मुरडलं, पण वर्षभराने त्यानेच मला सांगितलं की तक्रारी लवकर निकाली काढायला त्याचे वरिष्ठ आता भलतेच उत्सुक असतात.

साहेब त्याआधीच निवृत्त झाले होते. आणि ज्या गोष्टीची त्यांना वीस वर्षं भीती होती ती त्यांच्यानंतर फेब्रुवारीत, भर दुपारी घडली. खाडीकडच्या सुक्या गवताने पेट घेतला. धुराचा लोट टॉवरवरच्या तारांपर्यंत चढला आणि धुरातून ठिणगी उडून दोन्ही लाईन एकापाठोपाठ आपोआप बंद पडल्या. मी ऑफिसात जेवत होते. डोक्यावरची ट्यूब एकदा लुकलुकली, बस. नियंत्रण कक्षात धावले तर पडद्यावर खाडीच्या दोन्ही रेषा विझलेल्या, आणि तिसरी रेषा, आमच्या केबलची, घाटकोपरचा सगळा भार घेऊन शांत उभी.

नवऱ्याचा फोन आला. "काय गं, आत्ता दिवे जरा हलले. काही झालं का?"

"खाडीच्या दोन्ही लाईन गेल्या."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "दोन्ही? पण माझ्याकडे एक तक्रार नाही. एकसुद्धा नाही!"

"नसणारच."

"अगं, पूर्वी असतं तर अर्धं घाटकोपर अंधारात असतं. लिफ्टमध्ये माणसं अडकली असती." तो उगाचच पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला, जणू मला माहीत नव्हतं. मी ऐकून घेतलं. मला ते ऐकायला आवडत होतं.

आग विझली, लाईन तासाभरात परत आल्या. शहरात कुणाला काही कळलं नाही. वर्तमानपत्रात ओळ आली नाही.

मी साहेबांना फोन लावला. ते नातवंडांना घेऊन मनोरीला गेले होते, होडीची वाट बघत धक्क्यावर उभे होते. मागे वारा आणि कोळणींची भांडणं ऐकू येत होती. मी सगळं सांगितलं. वाऱ्याच्या घोंघावण्यात पलीकडचं काही ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला.

"साहेब?"

"आसंय गो," ते म्हणाले. "एकय तक्रार नाय म्हणतंस?"

"एकही नाही."

"बरां झालां." मग ते मराठीवर आले. "पण गवत वाढलंच कसं एवढं? टॉवरखालचं गवत डिसेंबरात कापायचं असतं. कोणाकडे होतं ते काम?"

"माझ्याकडे," मी म्हणाले.

"मग उद्या जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून, विळे-कोयते घेतलेल्या दहा माणसांना सोबत घेऊन मी खाडीवर गेले. पहिल्या टॉवरखालची जमीन अजून कोमट होती. अर्धवट जळून उरलेलं गवत कापायला आम्ही तिथूनच सुरुवात केली.